थ्रिलर मालिकेचं ऑर्केस्ट्रल पार्श्वसंगीत: स्पॉटिंगपासून स्टेमपर्यंत, नेमक्या क्रमाने

थ्रिलरला ऑर्केस्ट्रा वापरायचं ठरलं की बहुतेक जण आधी चाल बांधतात आणि मग ती चित्रावर बसवायला घेतात. वादक समोर येऊन बसतात तेव्हा कळतं की अर्धं संगीत संवादांच्या अंगावर जातंय, पानांवर कुठे हळू आणि कुठे जोरात हे लिहिलेलंच नाही, आणि एडिट तर मागच्या आठवड्यातच बदललाय. यातली एकही चूक वाजवण्यातली नाही. सगळ्या चुका क्रमाच्या आहेत. म्हणून पुढचे टप्पे मागेपुढे करू नका.

गृहीत धरलेलं काम असं: ४० मिनिटांचे ८ भाग, चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. २४ तंतुवादक (८ पहिली व्हायोलिन, ६ दुसरी, ४ व्हिओला, ४ चेलो, २ डबल बेस), २ हॉर्न आणि २ ट्रॉम्बोन. तालवाद्यं, पियानो आणि सिंथ कॉम्प्युटरवर. तुमच्याकडे १२च वादक असले तरी क्रम हाच राहतो. फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

## टप्पा १: चित्र हातात घेताना

लॉक झालेला (अंतिम म्हणून ठरलेला) एडिट मिळाल्याशिवाय एकही क्यू (एका जागी वाजणारा संगीताचा तुकडा) पक्का करू नका. थीमचे तुकडे आणि वाद्यांचे प्रयोग आधी करता येतात. फ्रेमवर बसणारं काम मात्र नाही.

एडिटरकडून या गोष्टी मागून घ्या:

- चित्रावर टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) छापलेली फाइल
- फ्रेम रेट, लेखी
- संवाद एका चॅनेलवर आणि टेम्प संगीत (एडिट करताना तात्पुरतं लावलेलं) दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे टेम्प हवं तेव्हा बंद करता येईल
- एडिटचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख

ऑडिओ सेशन ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उघडा. ४४.१ वर चुकून सुरू झालेलं काम नंतर बदलता येतं, पण त्यात कुठली तरी एक फाइल जुन्या रेटची राहून जातेच.

सावधान: २४ ची फाइल २५ समजून उघडली तर सुमारे ४ टक्के फरक पडतो आणि तो लगेच कळतो. २४ आणि २३.९७६ मधला घोळ जास्त धोक्याचा. फरक फक्त ०.१ टक्का, त्यामुळे सुरुवातीला सगळं जुळलेलं दिसतं. ४० मिनिटांच्या शेवटी संगीत २.४ सेकंद सरकलेलं असतं.

तपासणी: भागाची पहिली फ्रेम, मधला एखादा ठळक कट आणि शेवटची फ्रेम या तीन ठिकाणी चित्रावरचा टाइमकोड आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधला टाइमकोड एकच आहे का ते बघा. तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: स्पॉटिंग

स्पॉटिंग म्हणजे संगीत कुठे सुरू आणि कुठे बंद हे चित्र बघून ठरवणं. त्यासाठी दिग्दर्शक, एडिटर आणि साउंड डिझायनर एकत्र बसलेले हवेत. साउंड डिझायनरला बोलवायला लोक विसरतात आणि त्याची किंमत मिक्सिंगच्या दिवशी मोजतात.

प्रत्येक क्यूसाठी एका ओळीत लिहा: क्यू क्रमांक (भाग ३ मधला सातवा क्यू म्हणजे ३एम७), सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड, लांबी, आणि हे संगीत इथे काय काम करतंय ते एका वाक्यात. ‘टेन्शन वाढवणं’ हे वाक्य चालणार नाही. ‘दार उघडं आहे हे तिला कळलंय, नवऱ्याला नाही’ हे चालेल. असं वाक्य सुचत नसेल तर त्या जागी बहुधा संगीताची गरज नाही.

संगीत कुठे सुरू होतं यावर थ्रिलरमध्ये फार काही ठरतं. सवय असते कटवर सुरू करण्याची. त्यामुळे प्रेक्षकाला संगीत ‘चालू झालेलं’ कळतं आणि तो सावध होतो. पर्याय असे:

- संवादाच्या एखाद्या शब्दाखाली, अगदी हळू. शब्द संपेपर्यंत स्वर तिथे आलेला असतो.
- दाराचा आवाज, गाडीचा ब्रेक, भांडं पडणं अशा मोठ्या आवाजाच्या शेपटीत लपवून.
- पात्राला गोष्ट कळते त्या नजरेनंतर अर्धा-एक सेकंद थांबून.

थांबण्याची जागाही इतक्याच काळजीने ठरवा. धक्क्याच्या आधी संगीत काढून घेतलं आणि दोन-तीन सेकंद फक्त खोलीचा आवाज ठेवला, तर धक्का स्वतःच्या जोरावर बसतो. आधीपासून व्हायोलिन वर वर चढत गेली तर काय होणार ते प्रेक्षकाला आधीच सांगून झालेलं असतं.

४० मिनिटांत २५ मिनिटांहून जास्त संगीत लागतंय असं यादी सांगत असेल तर ती पुन्हा बघा. सतत वाजणाऱ्या संगीतात बंद होण्याची ताकद राहत नाही.

टेम्प संगीताबद्दल दिग्दर्शकाला नेमकं विचारा: आवडलंय ते काय? लय, जाडी, की ते ज्या जागी थांबतं ती जागा? बऱ्याचदा उत्तर लय असतं. लय मोजून घ्या आणि टेम्प बंद करा. आठवडाभर ते ऐकत राहिलात तर तुमची चाल त्याच्याच वळणावर जाईल.

साउंड डिझायनरशी तिथेच ठरवा: कोणत्या प्रसंगात खालचा घुमणारा आवाज त्याचा आणि कोणत्या प्रसंगात तुमचा. दोघांनीही एकाच कटवर खोल ‘धम्म’ टाकलेला असणं हा थ्रिलरमधला नेहमीचा अपघात. त्याच्या ड्रोनचा, म्हणजे सतत चालणाऱ्या घुमाऱ्याचा, स्वरही विचारा. त्याचा ड्रोन पांढरी एकच्या आसपास आणि तुमचे चेलो काळी एकला असले, तर दोन्ही एकमेकांत घासतील आणि मिक्सरला एक बंद करावाच लागेल. बंद होणारा बहुधा तुमचा असतो.

## टप्पा ३: कोणती थीम कोणतं गुपित सांगते, याचा तक्ता

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. प्रेमकथेत पात्र आलं की त्याची थीम वाजली, तरी काही बिघडत नाही. थ्रिलरमध्ये मात्र थीम म्हणजे माहिती. खुन्याचे तीन स्वर सातव्या भागात त्याच्या चेहऱ्यावर वाजणार असतील आणि तेच स्वर दुसऱ्या भागात तो निरागसपणे चहा ओततानाही वाजले असतील, तर लक्ष देऊन ऐकणाऱ्याने गुपित फोडलेलं असतं.

आठही भागांची पटकथा आधी वाचा. शेवट माहीत नसताना पहिल्या भागाचं संगीत लिहू नका. मग एक तक्ता करा. आडवे भाग, उभ्या थीम. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक नोंद: ‘वाजते’, ‘फक्त तुकडा’, ‘बंदी’. थीम पात्राला जोडण्याऐवजी गोष्टीला जोडली (ती खोली, तो फोन, ते बेपत्ता होणं) तर सांभाळायला सोपी जाते. तीच थीम संशयिताच्याही दृश्यात वापरून प्रेक्षकाला खोट्या वाटेवर नेता येतं, आणि शेवट कळल्यावर ती फसवणूक वाटत नाही.

थीम तीन ते पाच स्वरांची ठेवा. आठ मात्रांची गोड चाल संवादांखाली तुकड्यात वापरता येत नाही. चार स्वरांची ओळ चेलोत उलटी, संथ किंवा नुसत्या लयीच्या रूपात, कशीही फिरते.

## टप्पा ४: लय बसवणं

आता पहिल्यांदा हातात कॅल्क्युलेटर घ्या. समजा क्यू १०:१४:२२:१० ला सुरू होतो आणि धक्का १०:१४:३९:२२ ला आहे. अंतर १७ सेकंद १२ फ्रेम. २५ च्या हिशेबाने १२ फ्रेम म्हणजे ०.४८, म्हणून १७.४८ सेकंद.

- लय १०० (मिनिटाला १०० मात्रा) असेल तर एक मात्रा ०.६ सेकंद. १७.४८ मध्ये २९.१३ मात्रा. धक्का मात्रेच्या जरा पुढे, तोही आठव्या बारच्या (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) मधेच पडतो.
- लय ९६ असेल तर एक मात्रा ०.६२५ सेकंद. २७.९७ मात्रा, म्हणजे २८ धरायला हरकत नाही. चार मात्रांचे ७ बार पूर्ण आणि धक्का आठव्या बारच्या पहिल्या मात्रेवर. चूक ०.०२ सेकंद, म्हणजे अर्धी फ्रेम.

म्हणजे लय ९६. दृश्याला ती शोभते का ते नुसत्या क्लिकवर (लयीच्या टिक-टिकीवर) चित्र चालवून बघा. पायऱ्या उतरणाऱ्या माणसाच्या पावलांशी क्लिक तंतोतंत जुळत असेल तर लय एक-दोनने बदला. संगीत पावलांवर बसलं की प्रसंग हास्यास्पद दिसायला लागतो.

सगळे कट पकडायला जाऊ नका. एका क्यूत दोन, फार तर तीन जागा पकडा. बाकीचे कट संगीताच्या अंगावरून जाऊ द्या. प्रत्येक कटवर ठोका दिला तर शेवटच्या ठोक्याला कोणी दचकत नाही.

धक्क्याचा स्वर चित्राच्या आधी येण्यापेक्षा एखादी फ्रेम मागे आलेला बरा. आधी आलेला लगेच खुपतो.

एडिट लॉक झाल्यावरही बदलतो, त्याची तयारी इथेच करा. वरच्याच क्यूत १४ फ्रेम कापल्या गेल्या तर अंतर १६.९२ सेकंद होतं. अशा वेळी पूर्ण क्यूची लय ताणू नका. एक चारचा बार तीनचा करा. मात्रा २७ झाल्या, लय ९५.७५ केली, की धक्का पुन्हा जागेवर येतो. यासाठी क्यूच्या मध्यावर एक असा बार राखून ठेवा ज्यात नुसता लांब स्वर आहे. कापाकापी तिथेच करायची.

## टप्पा ५: संवादांना जागा ठेवून कच्चा आराखडा

सॅम्पलवर (कॉम्प्युटरमधल्या ध्वनिमुद्रित वाद्यांवर) आराखडा करताना संवादाचा ट्रॅक कायम चालू ठेवा, आणि प्रत्यक्षात असतो तितक्याच मोठ्या आवाजात.

पुरुषी आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा १६५ ते २५५ मध्ये. शब्द कळतात ते मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातल्या व्यंजनांमुळे. म्हणजे मधल्या सप्तकातली चेलोची हलती ओळ पुरुषाच्या आवाजावर बसते, आणि वरच्या सप्तकात भराभर तोडून वाजणारी व्हायोलिन शब्द खातात.

त्यामुळे चौकशीच्या दृश्यात मधला भाग मोकळा सोडा. खाली डबल बेसचा न हलणारा स्वर, वर दोन-तीन व्हायोलिनचे बारीक हार्मॉनिक्स (तारेला बोट हलकं टेकवून निघणारे उंच स्वर), मध्ये काही नाही. ओळ हलवायचीच असेल तर दोन वाक्यांच्या मधल्या फटीत हलवा. संवाद लिहून घ्या आणि फटी टाइमकोडने मांडा. कंटाळवाणं काम आहे. पण हे केलेल्या क्यूला मिक्सर हात लावत नाही, आणि न केलेल्याचा आवाज ८ डेसिबल खाली जातो.

छोट्या टीव्हीच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं फारसं येत नाही. ४० हर्ट्झचा घुमणारा ड्रोन स्टुडिओत छाती हलवतो आणि घरी ऐकूच येत नाही. प्रत्येक खालच्या स्वराला वरच्या सप्तकात चेलो किंवा बेस क्लॅरिनेटची जोड द्या.

सॅम्पलचा फसवा हिशेब: १६ व्हायोलिनच्या पॅचवर तीन स्वरांचा कॉर्ड दाबला की ४८ व्हायोलिन वाजतात. तुमच्याकडे दुसरी व्हायोलिन ६ आहेत. तीन स्वरांत वाटली की प्रत्येक स्वरावर २. दिग्दर्शकाला डेमो ऐकवण्याआधी डेमोतले आवाज खऱ्या संख्येच्या जवळ आणा. नाहीतर रेकॉर्डिंग झाल्यावर ‘डेमोच बरा होता’ हे ऐकावं लागतं.

## टप्पा ६: वाद्यांसाठी लिहिणं

थ्रिलरच्या तंतुवाद्यांत पाच-सहा तंत्रं पुन्हा पुन्हा लागतात. प्रत्येकाची एक अट आहे आणि ती पानावर असावी लागते.

ब्रिजजवळ (तारांखालच्या घोडीजवळ) ट्रेमोलो, म्हणजे बो (गज) भराभर मागेपुढे: काचेसारखा करकरीत आवाज. पूर्ण जोरात ३० सेकंद सलग लिहिलं तर हात थकतो आणि आवाज विरळ होतो. विभाग दोन गटांत वाटा, चार-चार बारनी अदलाबदल करा.

बोटपट्टीवर, व्हायब्रेटोशिवाय (बोट न थरथरवता): निर्जीव, थंड स्वर. ‘व्हायब्रेटो नाही’ हे शब्दात लिहावंच लागतं. वादकाचा हात सवयीने हलतो.

म्यूट (आवाज दाबणारा, घोडीवर बसणारा तुकडा) लावून: लावायला आणि काढायला वेळ द्या, निदान तीन-चार सेकंदांचा विराम. बार ४० मध्ये म्यूट हवा असेल तर सूचना ४० वर लिहू नका. आधीचा विराम सुरू होतो तिथे लिहा.

बोच्या लाकडाने वाजवणं: टकटक असा कोरडा ठोका. वादकांना आदल्या दिवशी कळवा. चांगल्या बोच्या लाकडाने कोणी तार ठोकणार नाही. या कामासाठी दुसरा, स्वस्त बो आणावा लागतो. न कळवल्यास अर्धे वादक नखाने किंवा अगदी हलक्या हाताने काहीतरी करतील.

क्लस्टर: शेजारच्या स्वरांचा पुंजका. १४ व्हायोलिनना १४ वेगळे स्वर दिले तर प्रत्येक स्वर एकेकट्याचा होतो आणि आवाज बारीक येतो. एका स्टँडवरच्या दोघांना एक स्वर, असे ७ स्वर पुरेत. कोणत्या स्टँडला कोणता स्वर ते नावानिशी लिहा. ‘आपापसात वाटून घ्या’ असं लिहिलं की सेशनमधली पाच मिनिटं गेली.

तोडून वाजणारी सोळांशांची (मात्रेत चार स्वर) लड: ९६ च्या लयीत सेकंदाला ६.४ स्वर, सहज निघतात. १३०-१४० च्या पुढे, आणि तारा बदलाव्या लागत असतील तर, लड फाटते. तिथे एकाच तारेवरचे पुनरावृत्त स्वर लिहा किंवा ओळ पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनमध्ये आळीपाळीने वाटा.

डबल बेसची चार तारांची सर्वसाधारण मर्यादा खालचा ई. त्याखालचा सी हवा असेल तर पाच तारांचा बेस किंवा एक्स्टेन्शन लागतं. वादक ठरवतानाच विचारा. न विचारता लिहिलंत तर ते स्वर एक सप्तक वर वाजतील आणि गर्दीत तुम्हाला कळणारही नाही.

ट्रॉम्बोनचा खालचा जोरकस स्वर एका श्वासात सहा-आठ सेकंदच टिकतो. दोघांचे श्वास वेगवेगळ्या बारमध्ये दाखवा.

पट्टीचा विचारही इथेच. हार्मोनियमवर चाल काळी एकला सुचली म्हणून ऑर्केस्ट्रालाही तीच दिली जाते. पांढरी एकला आणली तर चेलोची सर्वात खालची मोकळी तार सा होते. मोकळ्या तारेवर व्हायब्रेटो होत नाही, म्हणून तो स्वर आपोआप थंड आणि सपाट येतो. भीतीच्या दृश्याला याहून चांगला आधारस्वर मिळणं कठीण. सरगममध्ये लिहिण्याची सवय असेल तर स्टाफवर उतरवताना मींड कुठून सुटते आणि कोणत्या मात्रेला पोहोचते ते दाखवा. नुसती तिरकी रेघ काढली की प्रत्येक वादक वेगळ्या वेळी पोहोचतो.

## टप्पा ७: स्कोअर आणि वादकांची पानं

सॉफ्टवेअरमधली मिडी (वाजवलेल्या स्वरांची नोंद) थेट नोटेशनमध्ये ओतू नका. सॅम्पल उशिरा बोलतात म्हणून स्वर मात्रेच्या जरा आधी सरकवलेले असतात. त्यातून बत्तीसांशांचे विराम आणि विचित्र बांधलेले स्वर छापले जातात. नोटेशनसाठी वेगळी प्रत करा, ती काटेकोर क्वांटाइझ करा (स्वर नेमके मात्रेवर बसवा), मग उतरवा. मॉड्युलेशन आणि एक्स्प्रेशनच्या रेषा पानावर येत नाहीत. त्यांच्या जागी पी (हळू), एमपी (जरा हळू), एफ (जोरात) आणि क्रेशेंडोच्या (आवाज वाढवत नेण्याच्या) खुणा हाताने घालाव्या लागतात. खूण नसलेलं पान वादक मध्यम आवाजात वाजवतात, आणि थ्रिलर मध्यम आवाजात मरतो.

पानांसाठी:

- प्रत्येक बारला क्रमांक. क्लिकवर काम करताना ‘चौथ्या ओळीचा दुसरा बार’ असं बोलत बसता येत नाही.
- स्टाफची उंची ७ मिलिमीटरच्या आसपास. त्याहून लहान असेल तर एका स्टँडवरच्या दोघांना दिसत नाही.
- पान उलटण्याच्या जागी विराम. जमत नसेल तर एका बाजूला छापून तीन पानं चिकटवा. शांत क्यूत कागदाचा आवाज हमखास येतो.
- प्रत्येक पानावर क्यू क्रमांक, आवृत्ती, तारीख, लय.

तपासणी: एफ हॉर्नचं पान ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा पाचव्याने वर लिहिलेलं असतं, बी फ्लॅट क्लॅरिनेटचं एका पूर्ण स्वराने वर, डबल बेसचं एका सप्तकाने वर. स्कोअर मूळ पट्टीत असला तरी पानं बदललेली हवीत. प्रत्येक वाद्याचा पहिला स्वर हाताने पडताळा. सॉफ्टवेअरवर सोडू नका.

## टप्पा ८: रेकॉर्डिंगचं सेशन

तीन तासांच्या सेशनमधून सुरुवातीची मांडणी आणि विश्रांती वजा जाता साधारण अडीच तास उरतात. साधं, संथ लेखन असेल तर त्यात १५ ते १८ मिनिटांचं संगीत बसतं. अवघड लडी असतील तर १० धरा.

आदल्या दिवशी तयार असायला हवं: प्रत्येक क्यूचं सेशन योग्य टाइमकोडवर, लयीचा नकाशा, दोन बारची मोजणी, ऑडिओत उतरवलेला क्लिक, आणि मार्गदर्शक डेमो वेगळ्या ट्रॅकवर. हेडफोन बंद कानाचे घ्या. वादक एक कान उघडा ठेवतात, तो उघडा कप गालावर दाबलेला असू द्या. शेवटच्या स्वरावर क्लिक हळूहळू बंद होईल असं करा. विरत जाणाऱ्या स्वरात टिक-टिक शिरली तर ती काढता येत नाही.

माइकसाठी डेक्का ट्रीची (तीन माइकांच्या त्रिकोणी मांडणीची) सर्वसाधारण मापं: डावा-उजवा साधारण २ मीटर अंतरावर, मधला सुमारे १.५ मीटर पुढे, उंची ३ मीटरच्या जवळपास. छत बुटकं असेल तर ट्री वर चढवू नका, छताचा परावर्तित आवाज थेट माइकमध्ये येतो. अशा खोलीत माइक जवळ घ्या आणि खोली नंतर रिव्हर्बने द्या. ब्रास शक्यतो वेगळा रेकॉर्ड करा. एकत्र घेतला तर संवादाखाली ट्रॉम्बोन खाली करताना व्हायोलिनही जातात.

क्यूंचा क्रम कथेप्रमाणे लावू नका. असा लावा:

1. सगळे वाजवतात असा मध्यम जोराचा क्यू. यावर लेव्हल बसवा.
2. सर्वात अवघड लडीचा क्यू. डोकं आणि बोटं ताजी असताना.
3. ब्रास असेल तर त्याचे मोठे क्यू. ओठ थकायच्या आत.
4. अगदी हळू, हार्मॉनिक्सचे क्यू. एसी बंद करून.
5. शेवटी ठोके, ओरखडे, घसरणारे क्लस्टर. यात ट्यूनिंग हलतं, म्हणून सगळ्यात मागे.

प्रत्येक क्यूचे दोन पूर्ण टेक, मग बिघडलेल्या जागांचे तुकडे, चुकीच्या दोन बार आधीपासून. टेकची नोंद एका माणसाने फक्त तेवढंच काम म्हणून ठेवावी.

शेवटची १५ मिनिटं मोकळ्या पोतांसाठी राखा: तीन वेगवेगळ्या स्वरांवर क्लस्टर, प्रत्येकी हळू, मध्यम आणि जोरात, ३०-३० सेकंद, क्लिकशिवाय. पुढच्या भागांत ऐनवेळी एडिट बदलला की हेच कामी येतात. मात्र हे पुढच्या भागांतही वापरणार असल्याचं वादकांच्या करारात आधी लिहा आणि तसे पैसे द्या.

१२ वादक असतील तर: त्याच ओळीवर त्याच जागी तीनदा वाजवून घेतलं की खोलीचा तोच आवाज तीनदा साचतो आणि वाद्यं मोठी न होता धूसर होतात. दुसऱ्या फेरीत जागा बदला. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या फेरीत वेगळे स्वर द्या.

बाहेरच्या देशातल्या ऑर्केस्ट्रासोबत दूरून रेकॉर्डिंग असेल तर वेळ तारखेनिशी पडताळा. बुडापेस्ट आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. तिथले वादक पान बघून थेट वाजवतात, तुमच्या मनातलं ओळखणार नाहीत. जे पानावर नाही ते वाजणार नाही.

## टप्पा ९: मिक्स आणि स्टेम

संगीताला एकूण कार्यक्रमाच्या लाउडनेसपर्यंत दाबून नेऊ नका. युरोपीय प्रसारणाचा आर१२८ मानक पूर्ण कार्यक्रमासाठी −२३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) सांगतो. नेटफ्लिक्स संवादाच्या आधारे −२७ मागतं आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) −२ च्या आत. हे आकडे संवाद, आवाज आणि संगीत मिळून झालेल्या मिक्सचे आहेत. ती जबाबदारी री-रेकॉर्डिंग मिक्सरची, म्हणजे शेवटचं मिक्स करणाऱ्याची. तुमच्या वाहिनीची किंवा प्लॅटफॉर्मची तांत्रिक यादी मागवून घ्या आणि संगीत मोकळं, लिमिटर न लावता द्या.

स्टेम (वाद्यगटांच्या वेगवेगळ्या फाइल) निदान हे: वरची तंतुवाद्यं, खालची तंतुवाद्यं, ब्रास, पियानो आणि हार्प, खालची तालवाद्यं, वरची तालवाद्यं, सिंथ, एकल वाद्य. प्रत्येक स्टेमचा रिव्हर्ब त्याच स्टेममध्ये. सामायिक रिव्हर्ब वेगळ्या फाइलमध्ये दिला तर मिक्सरने ब्रास बंद केल्यावरही त्याचं भूत मागे वाजत राहतं.

तपासणी: सगळे स्टेम एकत्र वाजवा, पूर्ण मिक्सची पोलॅरिटी उलटी करून (म्हणजे ध्वनिलहर उलटवून) त्यावर टाका. शांतता हवी. काही ऐकू येत असेल तर मास्टरवर कॉम्प्रेसर राहिलाय किंवा एखादा स्टेम सुटलाय.

सगळ्या फाइल एकाच टाइमकोडपासून सुरू व्हाव्यात, त्या टाइमकोडची खूण फाइलमध्ये असावी. नावात भाग, क्यू, आवृत्ती आणि स्टेम. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं दिलेल्या फाइल मिक्सिंगच्या रात्री चुकीच्या उचलल्या जातात.

## टप्पा १०: क्यू शीट

क्यू शीट म्हणजे कोणाचं कोणतं संगीत किती वाजलं याची यादी. डिलिव्हरीच्याच दिवशी भरा, नंतर कोणाला आठवत नाही. प्रत्येक क्यूचं नाव, सुरुवात आणि शेवट, लांबी सेकंदांत, वापराचा प्रकार (पार्श्वभूमीला, की पात्र पडद्यावर वाजवतंय), संगीतकार, प्रकाशक आणि प्रत्येकाचा टक्का. ‘आयपीआरएस’चे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या भारतीय संस्थेचे) सदस्य असाल तर तिथे नोंदवलेलं नाव आणि शीटवरचं नाव अक्षर न् अक्षर एकच ठेवा. लांबी स्पॉटिंगच्या यादीतून उचलू नका. शेवटच्या मिक्समध्ये जितकं वाजलं तितकंच मोजा, आणि मिक्सरने काढून टाकलेले क्यू शीटमधूनही काढा.